तेरवीच्या जेवणाचा उबग

उबग यायला आधी पोट भरलेलं लागतं. उपाशी माणसाचं ते काम नाही. या शब्दाचा अर्थ मी तेरवीच्या पंगतीत शिकले.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. त्या वर्षांत एका घरची तेरवी उरकते न उरकते तोच दुसऱ्या घरून रडणं ऐकू यायचं. कास्तकारांची तरणी पोरं आपल्या हातानं जीव देत होती आणि गाव जेवत होतं. तेराव्या दिवशी गाव पोटभर जेवल्याशिवाय गेलेला सुटत नाही, असं आमच्याकडे मानतात. वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. दर वेळी तेच. लोक बुंदी पानात टाकून उठू लागले. मेलेल्यापेक्षा भाजीतल्या तेलाचीच चर्चा जास्त व्हायची.

मग शेजारच्या काकूचा एकुलता एक मुलगा गेला. गावातल्या प्रत्येक तेरवीला पुऱ्या लाटायला सर्वांत आधी जायची ती हीच काकू. तेरवीच्या आदल्या दिवशी मी आईला ठसक्यात सांगत होते, "मी नाही येत जेवाले. उबग आला मले त्या बुंदीचा." कॉलेजात जाणारी घोडी होते मी, लहान नव्हते.

काकू दारात उभी होती. मोठी परात मागायला आली होती. आईनं मला चिमटा काढला.

"बोलू नोका तिले," काकू म्हणाली. "मीबी उबगलीच होती."

दुसऱ्या दिवशी काकूनं आचाऱ्याकडून गरम जिलबी काढून घेतली. स्वतः वाढत फिरली. माझ्या पानाशी येऊन वाकली.

"आता तं नाही आला न उबग? पोटभर खाय माय. माहं लेकरू सुटलं पाह्यजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी खाल्ली, आणि पुन्हा मागून घेतली, कारण जिलबी खरंच छान झाली होती. कुणाच्याच पानात तुकडा उरला नाही.

गावानं वाहवा केली. त्यानंतर ज्याच्या घरी मरण, त्याला जिलबी करावीच लागायची. बुंदी दिसली की लोक नाकं मुरडायचे. काकू तिथेही सर्वांत आधी पुऱ्या लाटायला बसलेली असायची.

दिवाळीपर्यंत आम्हाला जिलबीचाही उबग आला.