अपात्र ठरवायचं, तर सही माणसाची

"एक तारखेपासून खिडकीवरच्या तिघांची गरज राहणार नाही," असं म्हणत प्राचार्य सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर नवं एआय सॉफ्टवेअर होतं. ते विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणार आणि प्रवेशाची स्क्रूटिनीही करणार. स्क्रूटिनी म्हणजे फॉर्म आणि कागदपत्रं एकमेकांशी जुळतात का, ते तपासणं.

मी पुसदच्या एका कॉलेजात सीनियर क्लार्क, आणि आमच्या शिक्षकेतर कर्मचारी संघटनेची सचिव. चौकशी खिडकीवरचे ते तिघं कंत्राटी होते.

दुपारी लायब्ररीत मीटिंग बसली. बहुतेकांचं म्हणणं, काम बंद करू. त्या तिघांपैकी देविदास राठोडनं मात्र हात वर केला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बंद करून काय होईन मॅडम? उद्या मशीनच चालवतीन. आधी थे काय करते, थे तं पाहू."

मला पटलं. सरांकडे मी आठ दिवसांची ट्रायल मागितली. खिडकी आणि मशीन, दोन्ही सोबत चालतील. मशीन ज्यांना अपात्र ठरवेल त्यांची यादी दर तासाला आमच्याकडे यायची. सर लगेच कबूल झाले. त्यांना निकालाची खात्री होती.

खरं सांगायचं तर पहिले चार दिवस आम्ही हरत होतो. टाइमटेबल, विषय, बसच्या पासला लागणारं बोनाफाईड, सगळ्याची उत्तरं झटक्यात. शंभरदा विचारा, मशीन चिडत नाही. मी चिडते. मला तर त्याची मजाच वाटायला लागली होती.

यादीत मात्र एक-दोन दिवसांआड एखादं नाव खटकायचं. कागद काढून आम्ही ते त्याच दिवशी मार्गी लावायचो.

आठवा दिवस प्रवेशाचा शेवटचा होता. मुदत पाचपर्यंत. चारची यादी आली आणि देविदास उठून उभा राहिला.

"मॅडम, हे चव्हाणची पोरगी अपात्र काहून?"

मी फाईल उघडली. मार्कशीटवरच्या इंग्रजी स्पेलिंगपेक्षा जातीच्या दाखल्यावर एक एच जास्त होता. आमच्याकडे हे आडनाव दोन्ही तऱ्हांनी लिहितात. मशीनच्या लेखी ही दोन वेगळी माणसं होती. जन्मतारीख, आईचं नाव, सगळं जुळत होतं. फक्त दोन्ही नावं माझीच आहेत, असं हमीपत्र मुलीच्या सहीनं हवं होतं. आणि मुलगी हॉलमधल्या स्क्रीनवर 'अपात्र' वाचून निघून गेली होती.

फॉर्मवरचा नंबर वडिलांचा निघाला. ते शेतात होते. म्हणाले, "थे तं बसस्टँडवर असंन आता."

देविदासनं गाडीला किक मारली. मी हमीपत्र टाइप केलं, सरांना केबिनमध्येच थांबायला सांगितलं आणि गेटकडे बघत उभी राहिले. साडेचार झाले. पावणेपाच झाले.

पाचला दहा मिनिटं असताना गाडी आत शिरली. मागे मुलगी होती. बस सुटली होती. देविदासनं पुढच्या चौकात ती थांबवली आणि गोरबोलीत, त्या दोघांच्या बंजारा बोलीत, समजावून मुलीला उतरवलं. तिनं सही केली. मी तपासलं, सरांनी सही केली. पाचला तीन मिनिटं असताना फॉर्म जमा झाला. मला नाचावंसं वाटत होतं.

मुलगी हळूच म्हणाली, "मले वाटलं, माह्याच हातून काही चुकलं."

सर ते ऐकत होते. मी आठ दिवसांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. तशी आणखी पाच नावं होती. त्यांनी एकेक फाईल मागवून पाहिली.

"म्हणजे सॉफ्टवेअर परत करायचं?"

"नाही सर, ठेवायचं. चांगलं आहे. पण अपात्र म्हणायचा हक्क त्याला नको. तिथं माणसाची सही पाहिजे. त्या माणसांना ट्रेनिंग द्या. आणि नवं सॉफ्टवेअर आणण्याआधी संघटनेला विचारा."

"लिहून आणा," सर म्हणाले.

आठवडाभरात करार झाला. तिघांचं कंत्राट वर्षभर वाढलं. सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनियर आता आडनावांची स्पेलिंगं देविदासला फोन करून विचारतो.

आम्हाला घोषणा चांगल्या येतात. पण सरांना पटलं ते यादी वाचून.