उधाणाची रजा

रोह्याच्या रसायन कारखान्यात अठरा वर्षं मीटर सांभाळून गुणाजीने पेणला स्वतःची छोटी कंपनी काढली. कारखान्यातल्या टाक्यांचं तापमान संगणकावर दाखवणारी यंत्रणा तो बसवून द्यायचा. कामं मिळत होती, माणसं टिकत नव्हती. पदवीधर मुलं त्याच्याकडे शिकायची आणि सहा महिन्यांत पुण्याला जायची. जाण्याआधी मुलाखतीच्या रजेसाठी त्यांच्या घरी माणसं मरायची. दिशा नावाच्या मुलीची तर एकच आजी वर्षात दोनदा वारली होती.

म्हणून सकाळी त्याच्या इंजिनीअरचा, प्रणितचा मेसेज आला, खाडीच्या बांधाला खांड पडलीय, आज जमणार नाही, तेव्हा पोरगा मुलाखतीला गेला असंच गुणाजीने धरलं. दुपारी रोह्यात यंत्रणा सुरू करून दाखवायची होती आणि तो प्रोग्रॅम प्रणितशिवाय कुणाला येत नव्हता. तो गेला तर कंपनीची नुसती पाटी उरली असती. फोन लागेना. गुणाजीने गाडी काढली आणि वडखळच्या पुढे प्रणितचं गाव गाठलं. खोटं रंगेहाथ पकडायचं होतं त्याला.

कोलाडच्या आतल्या गावात वाढलेल्या गुणाजीने खाडीचं पाणी शेतात शिरताना कधी पाहिलं नव्हतं. अमावास्येच्या उधाणाच्या भरतीने बांध फोडून बैलगाडी जाईल एवढी खांड पाडली होती. ओहोटी आहे तोवर ती बुजवायची, नाहीतर खाऱ्या पाण्याने दोन-तीन वर्षं भात नाही. घरटी एक माणूस आलाच पाहिजे, ही गावची रीत. वडील थकलेले, म्हणून प्रणित कमरेइतक्या चिखलात उभा होता. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते.

त्याची आई धोंडुबाई चहाची किटली घेऊन काठावर होती. "साहेब, पोराला न्यायला आलाव का बघायला?"

गुणाजीने नुसता चहाचा कप हातात घेतला.

प्रणित वर आला. पुण्याच्या नोकरीचं पत्र आलंय, पगार दीडपट, हे त्याने आपणहून सांगितलं. होकार कळवला नव्हता, कारण तिथून भरतीआधी बांधावर पोचता येत नाही. पण इथेही बांध खोटा ठरत असेल तर राहून काय करायचं, असं त्याने विचारलं.

"मला खोटंच वाटलं," गुणाजी म्हणाला. "चुकलं माझं."

मग त्याने तिथूनच रोह्याला फोन लावला. आजवर गिऱ्हाइकाला तो पार्ट आले नाहीत, लाइट गेली, असं काहीबाही सांगायचा. आज म्हणाला, "आमचा इंजिनीअर गावच्या बांधावर हाय. बांध फुटलाय. परवा सुरू करून देतो." पलीकडचा माणूस दुसरी कंपनी बघण्याची भाषा करू लागला. तरी गुणाजीने कारण बदललं नाही.

प्रणित परत चिखलात उतरता उतरता थांबला.

"परवा नाय, तेरवा सांगा साहेब. उधाण अजून दोन दिवस हाय."