एक आटा अजून

मामा गेले, हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी राजूर घाट चढत होतो. गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं... बराच वेळ नुसता त्याचा आवाज ऐकत बसलो. त्याला आता महिना होईल.

मामा अमडापुरात गाड्या दुरुस्त करायचे. दहावी नापास. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, आणि त्याची ऐट माझ्याइतकीच त्यांनाही. निकाल लागला त्या दिवशी ग्रीसच्या हातांनी ते माझ्या पाया पडले. आमच्याकडची रीतच तशी. मामानं भाच्याच्या पाया पडायचं, भाच्यानं मामाच्या नाही. गॅरेजवर येईल त्याला सांगायचे, "माहा भाचा बीएस्सी हाय."

दोन वर्षांपूर्वी माझी डिझेल गाडी घाटात पिकअप घेईना. पाय दाबला की मागून काळा धूर. मामांकडे नेली. चार गिऱ्हाइकं बसलेली. मला रेस द्यायला लावून मामांनी बॉनेटखाली कान दिला, इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाखालून बोटं फिरवली.

"टर्बोचा पाइप खालून फाटेल हाय. हवा बाहीर जाऊन राह्यली, म्हनून डिझेल पुरं जळत नाही."

मी म्हणालो, "मामा, कंप्युटरवर लावल्याशिवाय काहीही सांगू नका. हे अंदाजपंचे काम नाही."

एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. "घ्या! भाच्यानंच फेल केलं तुमाले."

"शिकेल मानूस हाय बाप्पा, त्याले कळते," म्हणत मामा हात पुसत आत गेले.

शहरात नेऊन इंजेक्टर साफ केले. धूर तसाच. शेवटी चिखलीत दुसऱ्याकडून गुपचूप पाइप बदलला, आणि गाडी पळायला लागली. मामांना सांगितलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी सवयीनं बॉनेट उघडलं, तर नवाकोरा पाइप समोरच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातला पेचकस काढून पाइपाची क्लिप कसली. "एक आटा अजून लागत होता," एवढंच बोलले. 'तुमचं बरोबर होतं' हे तीन शब्द माझ्या ओठावर आले... आणि मी चहा मागवला.

तिरडीवर ठेवल्यावर मी त्यांच्या पाया पडलो. मामी रडता रडता ओरडली, "काऊन रे बाप्पा, त्याईच्या डोक्शावर पाप चढवतं?"

परवा बुलढाण्यात सर्व्हिसिंगला मेकॅनिक म्हणाला, क्लिप गंजली, बदलून टाकू. मी म्हटलं, राहू द्या, मामांनी कसलेली आहे. मग पाइपाची सगळी गोष्टच सांगितली, तिथं बसलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं. त्यांतलं कुणीच मामांना ओळखत नव्हतं.