नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव

मार खाताना माणसं देवाचं नाव घेतात. मोरिवलीची जनी भागाकार करायची! हसू नका, खोटं नाही.

नवरा भूपेश उल्हासनगरातून जीन्सचे गठ्ठे टेम्पोनं वाहायचा. बाहेर शेठनं झापलं की घरी येऊन बायकोवर राग काढायचा. त्याच्या हातात पट्टा आला की जनी भिंतीकडं तोंड करायची आणि डोक्यात एक आकडा मांडायची, नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव. बदलापूरच्या शाळेत हरिचंद्र सरांनी तो फळ्यावर लिहिला होता. पाच आकड्यांतली सगळ्यात मोठी मूळ संख्या; एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. तीनशे तेरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, म्हणाले होते, पुढं जायची गरजच नाही. गणितात पहिली येणारी पोर, दहावी होते न होते तोच उजवली. माहेरून काय आणलं, तर हा आकडा.

दोन, तीन, पाच तर नुसतं बघूनच बाद. मग पहिला फटका. सातानं भाग, बाकी तीन. दुसरा फटका. अकरानं, बाकी एक. तेरानं, बाकी आठ. ओठ फुटायचा, कानात शिट्टी वाजायची, पण आकडा काही फुटायचा नाही. आपणही तशाच, असं तिला वाटायचं. त्याचा माजच होता तिला म्हणा ना. एरवी तेवीस-एकोणतीसपर्यंत मेल्याचा हात दुखायला लागायचा. पाडव्याला ओवाळून घेतलं आणि मग जो सुटला, बाई सत्त्याण्णवपर्यंत गेली. दोन बरगड्या मोडल्या.

पोरीला हात लावायचा नाही, एवढंच तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पोर म्हणजे तेजल, यंदा दहावीला. घरी आणलेल्या जीन्सचे धागे तोडता तोडता जनीनं तिलाही तो आकडा शिकवला, अगदी कौतुकानं. तो आपल्याला कशासाठी लागतो, हे मात्र सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तेजलला क्लासवरून यायला उशीर झाला. भूपेशनं दारातच तिची वेणी धरली, डोकं चौकटीवर आपटलं, पट्टा काढला. जनी मध्ये पडली, तर पोटात लाथ बसून ओट्याखाली जाऊन पडली. पोर रडली नाही, ओरडली नाही. भिंतीकडं तोंड करून पुटपुटत राहिली. जनीला नीट ऐकू आलं. "सातानं... बाकी तीन. अकरानं... बाकी एक."

अगं बाई, हे शिकवलं मी हिला? मार खायला?

ओट्याखाली वरवंटा होता. उठली ती तो घेऊनच.

"भूप्या!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. तो वळला तसा कोपरावर घातला. हाड कडकन वाजलं, पट्टा गळून पडला. शिवी देत अंगावर आला, तर दुसरा गुडघ्यावर. मग मात्र फरशीवर बसून गुरासारखा हंबरायला लागला.

तेजल अजून भिंतीलाच. "तेरानं... बाकी..."

जनीनं तिला ओढून पोटाशी धरलं. "पुरे गं बाळा. आता भागायचं नाही. ओरडायचं."

आधी पोर ओरडली. मग जनीही ओरडली, इतक्या वर्षांचं सगळं. अख्खी आळी दारात जमली, तरी दोघी थांबल्या नाहीत.