व्हय म्हाराजा, पुढची स्लाइड

ऑफिसने आमचा आत्मविश्वास वाढवायला एक बाई बोलावल्या होत्या. अंधेरीच्या गारठलेल्या कॉन्फरन्स रूममध्ये त्यांनी आम्हाला कमरेवर हात ठेवून, छाती पुढे काढून उभं केलं. असं उभं राहिलं की भीती पळते म्हणे. माझी कुठेच गेली नाही, कंबर तेवढी दुखली.

मला मात्र भीती घालवायचीच होती, कारण हातातला क्लायंट चालला होता. त्यांचं सगळं काम मी करायचे, स्लाइड मी बनवायचे आणि मीटिंगमध्ये बोलायचा शेजारच्या टेबलावरचा सहकारी. आवाज खर्जातला, केस कायम सेट केलेले. आकडे त्याला ठाऊक नसत. पण चुकीचा आकडाही तो असा ठोकून द्यायचा की खऱ्यालाच लाज वाटावी. बॉसने सरळ सांगितलं, "या वेळी तू बोल. नाही जमलं तर अकाउंट त्याला देतो."

घरी मुलुंडला आईबाबांसमोर सराव सुरू केला. बिल्डिंगमधल्या मालवणी मंडळींचं गाऱ्हाणं बाबाच घालतात. गणपती असो की होळी, देवापुढे नारळ ठेवून ते खणखणीत आवाजात सगळ्यांचं मागणं मांडतात आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवालासुद्धा नाही म्हणायची सोय ठेवत नाहीत. माझी पहिली स्लाइड ऐकून बाबांनी टीव्ही बंद केला.

"भीक मागतंस काय? मागणा नीट मांडूक होया. वाक्य झाला की थांब. लोकांनी व्हय म्हणूक होया."

"आणि नाही म्हणाले तर?"

"त्येच्याकडे बघीत रवायचा. आपसूक व्हय म्हणता."

मग रोज संध्याकाळी मी स्लाइड सांगायचे आणि आई भाजी निवडता निवडता साथ द्यायची. गेल्या तिमाहीत खर्च कमी झाला, व्हय म्हाराजा. माल वेळेवर पोचला, व्हय म्हाराजा. घरी सगळं झकास चाललं होतं.

वाट लागली ती मीटिंगमध्ये. पहिलं वाक्य दणक्यात गेलं आणि मी थांबले. कोणी काही म्हणेना. मला तर सवयच लागलेली, उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य तोंडातून निघेना. क्लायंटकडचे साहेब माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी बिचाऱ्यांनी मान डोलावली. मी पुढे निघाले. पुढच्या वाक्याला त्यांनी आपणहून डोलावली, मग बॉसनेही.

सहकाऱ्याला वाटलं, मी विसरतेय. तो उठलाच. "ॲक्च्युअली, तिला म्हणायचंय ना..."

"बस रे," मी म्हटलं. बाबांच्याच आवाजात. "माझं अजून संपलेलं नाही."

तो बसला. एवढा आनंद मला पगारवाढीनेही कधी झाला नव्हता.

शेवटी बॉस म्हणाला, "अकाउंट हिच्याकडेच ठेवू या. चालेल ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सहकारी तेवढा पेनाशी खेळत बसला. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

"हो... चालेल की," तो म्हणाला.

'म्हाराजा' तेवढं मी मनातल्या मनात जोडून घेतलं.