अण्णांचं मल्लिगे बेण्णे

बेंगळुरातल्या यशवंतपूरच्या बाजारातली फुलवाली मला पाहिलं की न विचारता मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, सुट्या कळ्या केळीच्या पानात भरू लागते. मी गुंफलेली माळ घेत नाही, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं आहे. त्या रविवारी मात्र तिने पान हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली. मी महिनाभर कोकणात आईकडे होते. तिथे फोन नाही. आदल्याच दिवशी परतले होते आणि के. आर. पुरमहून बस बदलत अण्णांकडे निघाले होते. पिशवीत कोकमेलाचे नवे गोळे होते. फुलवालीने कन्नडमध्ये हळूच विचारलं, तुम्हाला कुणी कळवलं नाही का? मग तिनेच सांगितलं. एका सकाळी कारखान्याला निघताना अण्णा चपला घालायला पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत... पुढचं ती काय बोलली ते मला आठवत नाही. त्यांच्या घराच्या फाटकाशी पोचले तेव्हा कळ्यांचा पुडा माझ्या हातात होता, एवढं खरं.

अण्णा माझे घरमालक. मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा त्यांनी माडीवरची खोली मला दिली. एकट्या मुलीला खोली द्यायला तेव्हा कुणी तयार नसे. अण्णांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि कोकणातली म्हटल्यावर भाडंही न सांगता किल्ली हातात ठेवली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलेलं. त्यांचं मराठी ऐकून पहिले काही दिवस मला हसू यायचं आणि माझं ऐकून त्यांना. एकदा मी आगाऊपणाने त्यांचा एक शब्द सुधारायला गेले, तर म्हणाले, ‘‘शुद्ध तुझं असंल, कोकणी. जुनं आमचं हाय.’’ तेव्हापासून मी त्यांची कोकणीच झाले. नावाने त्यांनी मला क्वचितच हाक मारली.

पीण्यात एका शेडमध्ये त्यांची तीन लेथ यंत्रं होती. माणूस तापट, बढाईखोर आणि मिशीचा फार अभिमान. तरुणपणी यंत्रात सापडून उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं होतं. कामगारांवर ओरडताना ते नेमकं तेच अर्धं बोट रोखायचे, त्यामुळे धाक बसायच्या ऐवजी समोरच्याला हसू आवरणं कठीण व्हायचं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, ‘‘आमचे साडेनऊ बोटांचे मालक’’ म्हणून त्यांची ओळख करून द्यायच्या. कितीही कावलेले असले तरी संध्याकाळी घरी येताना त्यांच्या हातात मल्लिगेचा पुडा असे. अक्का दिवेलागणीला आरशापुढे बसून त्यातली माळ आपल्या जाड शेपट्यात माळायच्या आणि मगच चहा ठेवायच्या. अण्णा चहाची वाट बघत खुर्चीत बसून राहायचे. एरवी त्यांना कशाचीच वाट बघता येत नसे.

मग अक्का जिन्यावरून पडल्या. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. पडून पडून केसांचा गुंता व्हायला लागला, तेव्हा त्यांनी शेजारच्या बाईंना सांगून केस कानापर्यंत कापून घेतले. अण्णा तरीही रोज पुडा आणत राहिले. उशाशी ठेवला की फुलं पाठीखाली चेंगरायची, त्यांचा लगदा व्हायचा. एका संध्याकाळी अक्का म्हणाल्या, देवाला घाला, मला बेडा. बेडा म्हणजे नको. त्यानंतर पुडा देवघरात जाऊ लागला आणि अक्का भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं की कातडी कोरडी पडू द्यायची नाही. कूस बदलत राहायची आणि दिवसातून दोनदा अंगाला तेल लावायचं. शेजारच्या बाई सकाळी येऊन करत. संध्याकाळचं काम अण्णांना करायचं होतं. पण अक्का त्यांना हात लावू देईनात. ते हात मी पाहिलेले आहेत... यंत्राच्या तेलाने फुटलेले, भेगाभेगांतून काळे झालेले आणि साबणाने कितीही घासले तरी तेलकट वास न सोडणारे. अक्का म्हणाल्या, कानस फिरवल्यासारखं लागतं. मला वाटतं, खरं कारण वेगळं होतं. आयुष्यभर नटूनथटून नवऱ्यापुढे गेलेल्या बाईला आपलं निर्जीव झालेलं अंग त्याच्या हातात द्यायची लाज वाटत होती. अण्णा दारात उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि निघून जायचे. त्या दिवसांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. मला त्याचीच भीती वाटायची.

कोकमेल त्या घरात आणलं मी. आमच्याकडे कोकमाच्या बियांचं तेल काढतात. ते थिजून घट्ट होतं, त्याचे मुठीएवढे गोळे वळतात आणि पायांच्या भेगांना लावतात. आईने पाठवलेला एक गोळा मी अक्कांच्या टाचांसाठी खाली नेला. तो आधी अण्णांनी स्वतःच्या हाताला चोळून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, तुझ्या आईकडे असे किती असतील? हातांच्या भेगा महिन्याभरात भरल्या. पण वास जाईना, आणि वासाचा इलाज म्हणून त्यांना एकच गोष्ट सुचणार होती.

पहिल्या वेळी त्यांनी मल्लिगे सरळ पातळ केलेल्या कोकमेलात उकळली. घरभर पालेभाजी शिजल्याचा वास पसरला. दुसऱ्या वेळी कळ्या स्वच्छ धुऊन बुडवल्या, त्याला चार दिवसांत बुरशी आली. मी हसले म्हणून माझ्याशी एक दिवस बोलले नाहीत. उत्तर सापडलं ते आतल्या खोलीतून. लोण्याचं भांडं फ्रीजमध्ये चिरलेल्या कांद्याशेजारी उघडं राहिलं होतं आणि दोशाला कांद्याचा वास येतो म्हणून अण्णा कुरकुरत होते. भिंतीकडे तोंड केलेल्या अक्का तशाच म्हणाल्या, ‘‘लोण्यानं कांदा धरला, तर मल्लिगे नाही का धरणार? शिजवायला कशाला पायजे?’’ त्या पुष्कळ दिवसांनी आपणहून काही बोलल्या होत्या. अण्णांनी ताट तसंच सोडलं आणि बाजाराची वाट धरली.

मग रीत ठरून गेली. उकळत्या पाण्यात वाटी ठेवून कोकमेल पातळ करायचं, त्यात तिळाचं तेल घालायचं आणि थंड झालं की रवीने पांढरंशुभ्र होईपर्यंत घुसळायचं. ते परातीत थापायचं. संध्याकाळी उमलायला आलेल्या कोरड्या कळ्या त्यात उलट्या टोचायच्या आणि वर दुसरी परात झाकायची. सकाळी मलूल फुलं वेचून काढायची, संध्याकाळी नव्या कळ्या. असं आठवडाभर. घुसळण्याचं काम अण्णा कुणाला देत नसत. याला ते मल्लिगे बेण्णे म्हणत. बेण्णे म्हणजे लोणी. या नावापायी घोटाळाही झाला. अक्कांचा तुमकूरचा भाऊ आला होता, त्याने डब्यातलं बेण्णे दोशावर थापून खाल्लं आणि लोणी फार उंची आहे म्हणून वर स्तुतीही केली. अक्का पडल्या पडल्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

पण ते नंतरचं. पहिला घाणा जमला तेव्हा अण्णांनी तो अक्कांना दाखवलादेखील नाही. आठवडाभर रोज आपल्याच हातांना चोळत राहिले. कारखान्यात कामगार तोंड फिरवून हसत, म्हणत, मालक लग्नाला निघाले. एके दिवशी संध्याकाळी मी अक्कांजवळ बसले होते. अण्णा पाण्याचा पेला घेऊन आले. अक्कांनी पेला घेतला नाही, हात धरला. तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

‘‘मल्लिगे?’’

‘‘हं,’’ अण्णा म्हणाले.

‘‘सरी, बरं. लावा मग. स्वल्प हळू.’’

मी उठून बाहेर आले. चुलीवर माझा चहा उतू गेला आणि मला ते कळलंही नाही, इतकी मी आनंदात होते.

त्यानंतर रोज दिवेलागणीला अक्कांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. थोड्या वेळाने अण्णा बाहेर यायचे, डब्याचं झाकण घट्ट लावून डबा खिडकीत ठेवायचे आणि मग चहा मागायचे. माझं लग्न झालं, आम्ही के. आर. पुरमला राहायला गेलो, तरी महिन्यातून एकदा मी गोळे आणि कळ्या घेऊन हजर. त्यांची मिशी पांढरी झाली, बढाया वाढल्या. हे बेण्णे म्हणजे आपल्या घराण्याची जुनी विद्या, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्यादेखत सांगू लागले. मीही मान डोलवायची. अक्का माझ्याकडे बघून डोळा बारीक करायच्या.

त्या रविवारी मी आत गेले तेव्हा अक्का दाराकडे तोंड करूनच पडल्या होत्या. भिंतीकडे नव्हे. मला पाहून म्हणाल्या, ‘‘आलीस.’’ आम्ही दोघी खूप रडलो. मग दिवेलागण झाली, तशी माझ्याच्याने बसवेना. मी खिडकीतला डबा घेतला, पलंगाच्या कडेला बसले आणि झाकण काढलं. डबा अर्धा भरलेला होता. मी बेण्ण्यात बोटं घालणार, तेवढ्यात अक्कांनी माझं मनगट धरलं.

‘‘मधनं नको घेऊ गं. कडेनं घे.’’

मी डबा उजेडात धरला. पांढऱ्या बेण्ण्यात मधोमध बोटांनी ओढल्याच्या चार खाचा होत्या. तीन लांब आणि एक आखूड.

मी डब्याला हात लावला नाही. आणलेले गोळे त्याच संध्याकाळी पातळ केले, घुसळले आणि परातीत कळ्या टोचल्या. आता दर रविवारी जाते आणि नव्या डब्यातलं लावते. माझा हात फार मऊ आहे, अशी अक्कांची तक्रार असते. जुन्या डब्याचा वास उडत चालला आहे, असं मी एकदा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे. आता उन्हाळा आला आहे आणि खिडकीत दुपारी ऊन येतं. कोकमेल मऊ झालं तर खाचा बुजतील, म्हणून तो डबा मी तिथून उचलून स्वयंपाकघरात माठाला टेकवून ठेवला आहे. तिथे गारवा असतो.