सोडताना बघा

मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ दातात धरायचे. टोक इंजिनावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि तसेच वाकून उभे राहायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय. ढोकीच्या रस्त्यानं तुमचं जाणं-येणं असेल तर लिंबाखालच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्हीही त्यांना पाहिलं असेल, आणि हसलाही असाल. मी हसले होते.

त्यांना ऐकू येत नसे. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं ओळखायचे. गिऱ्हाईक ओरडून सांगायला लागलं की म्हणायचे, "वरडू नका, गाडी घाबरती." इंजिनाचा आवाज मात्र त्यांना दातांतून जबड्यात आणि तिथून डोक्यात नीट पोचायचा. "कान असल्यावर मानूस ऐकतंय कुठं?" असं वर आम्हालाच विचारायचे.

माझी गाडी म्हणजे खरं तर माझ्या वडिलांची. आमच्या घरातली पहिली चारचाकी. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं जुनी घेतली आणि स्वतः शेजारी बसून मला शिकवली. ते गेल्यावर मी तिच्यातूनच धाराशिवहून ढोकीजवळच्या माझ्या शाळेत जायला लागले. नऊ वर्षं तिनं कधी कुरकुर केली नाही. मग तिला एक खोड लागली. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बंद. गतिरोधक आला, बंद. वळण आलं, बंद. एकदा उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागे असताना ऐन वळणावर बंद पडली. त्या माणसानं ब्रेक कसा मारला ते त्याचं त्यालाच माहीत. त्या दिवशी फळ्यावर एक ओळ मला सरळ लिहिता आली नाही.

शहरातल्या दोन मेकॅनिकांनी रेस वाढवून दिली. गाडी उभ्या उभ्या गुरगुरायला लागली, पेट्रोल प्यायला लागली, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. दोघांनीही मला सांगितलं, "मॅडम, तुमचा पाय झटकन सुटतो." नवरा म्हणाला, "मी तरी वेगळं काय म्हणतोय?" सगळेच एक सांगायला लागले की आपल्यालाही ते पटायला लागतं. मला पटलं. गाडी विकायची आणि आपण पुन्हा एसटीनं जायचं, असं ठरलं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. गुरुवारी गाडी नेमकी मिस्त्रींच्या शेडसमोर बंद पडली.

मी म्हणाले, "मिस्त्री, बहुतेक माझाच पाय चुकतोय." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग पायाकडे. "चालू करा. रेस द्या. आता सोडा." सोडली. बंद. "परत." पुन्हा बंद. मग त्यांनी बॉनेट उघडलं, मूठ दातात धरली, हातानंच अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढून सोडली. बराच वेळ तसं केल्यावर सरळ उभे राहिले.

"पाय बराबर हाय तुमचा, बाई. सोडल्यावर हिला सावरायला येळच मिळंना झालाय."

खोटं कशाला सांगू, मी तिथंच रडले. मिस्त्रींनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि माझ्याकडं पाठ करून उगाच पाने-पकडी जागेवर लावत बसले.

कार्बोरेटरच्या बाजूला कुंकवाच्या करंड्याएवढी एक डबी असते. पुस्तकात तिला डॅशपॉट म्हणतात, हे मला नंतर कळलं. मिस्त्री नुसतं डबी म्हणायचे. तिच्यातून एक दांडी बाहेर आलेली असते. पाय उचलला की कार्बोरेटरची झडप फटकन मिटायला जाते, तेव्हा झडपेची पट्टी या दांडीवर येऊन टेकते. डबीतली हवा सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेर पडते. म्हणून दांडी सावकाश आत जाते, आणि झडप शेवटचं थोडंसं अंतर हळू मिटते. कुणीतरी ही डबी बिनकामाची समजून मागं सारली होती. पट्टी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना समजलं की मला समजलेलं नाही. त्यांनी सायकलचा पंप माझ्या हातात दिला. "तोंडावर बोट दाबा. आता दांडा ढकला." दांडा अडला, मग बोटाखालून हवा निसटत गेली तसा हळूहळू आत गेला. मी शाळेत पोरांना हवेवरचा धडा शिकवते. हवा अशी हातात धरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

डबीला त्यांनी लगेच हात लावला नाही. इंजिन नीट तापू दिलं. तोवर आमचा चहा झाला, आणि वळणावरच्या त्या ट्रॅक्टरची गोष्ट मी त्यांना सांगितली. मग वाढवलेली रेस उतरवली, इतकी की आता पडतेय बंद असं मला वाटलं. नट ढिला करून डबी अर्धा फेरा पुढं घेतली, तार ओढून सोडली, मूठ दातात. मान हलली, नाही. आणखी अर्धा फेरा. आता इंजिन वरच लटकून राहिलं, उतरायलाच तयार नाही. पाव फेरा मागं. जवळ मीटर नाही, काही नाही. नुसती डाव्या हाताची बोटं एकेक मिटत होती. तिसऱ्या बोटाला इंजिन सावकाश खाली येऊन बसलं आणि चालू राहिलं. मला चांगल्या कानांनी जे कळलं नव्हतं ते हा माणूस दातांनी मोजत होता. अंगावर काटा आला माझ्या. आत्ता लिहितानाही आला.

"रेस देताना समदे बघत्यात," ते म्हणाले. "सोडताना बघा." हे ते प्रत्येकालाच सांगायचे.

नट आवळून त्यांनी त्याच्यावरून, डबी ज्यावर बसवली होती त्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. "ही तुटली तर कुनीतरी हात लावलाय म्हनून समजा. चला आता त्या वळनावर." मी नको म्हणेपर्यंत ते शेजारी येऊन बसलेसुद्धा. वळणावर म्हणाले, "सोडा झटकन. रोज सोडता तशीच." मी पाय उचलला. मागून ट्रॅक्टर जिवाच्या आकांतानं हॉर्न देत होता. मिस्त्रींना त्याचा पत्ता नव्हता. ते बोटं मिटत होते. एक, दोन, तीन. इंजिन चालू होतं. रविवारी गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं.

त्यानंतर मी काम नसतानाही शेडवर थांबायचे. एकदा एक जीपवाला रेस वाढवून द्या म्हणून हटून बसला होता. मिस्त्री त्याला म्हणाले, "मानसाला झोप येती म्हनून त्याला रातभर पळवता का?" जीपवाल्यानं गुमान बॉनेट उघडून दिलं.

पुढं त्यांचा हात कापायला लागला. एका दुपारी कुणाच्या तरी गाडीची डबी लावताना त्यांनी पाना माझ्याच हातात दिला.

"तुमी फिरवा."

"मिस्त्री, मी बिघडवीन."

"बिघडवा. मी हाय की."

मी फिरवलं. बोटं त्यांनी मिटली.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. मला शेडला कुलूप दिसलं तेव्हा कळलं.

या जानेवारीत शहरात कार्बोरेटर साफ करून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी शाळेला जाताना गाडी गतिरोधकावर बंद पडली. बॉनेट उघडलं. पांढरी रेघ तुटली होती. फोन केला तर मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, पाय जरा हळू सोडत जा." मी फोन ठेवला आणि शाळा सुटल्यावर गाडी लिंबाखाली, त्या बंद शेडसमोर नेऊन लावली.

इंजिन तापलेलंच होतं. रेस उतरवली. नट ढिला केला, डबी अर्धा फेरा पुढं. तार ओढून सोडली. पण रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग चालली होती; कानांना काही कळेना. मग मी इकडंतिकडं पाहिलं, स्क्रूड्रायव्हरची मूठ पदराला पुसली आणि दातात धरली.

इंजिन माझ्या डोक्यात आलं. एकेक ठोका सुटा ऐकू यायला लागला, आणि ट्रॉल्यांचं भानच राहिलं नाही. इतकी वर्षं मिस्त्री हे ऐकत होते, आणि आम्ही त्यांना बहिरे म्हणत होतो.

डबी पाव फेरा मागं घेतली. तार सोडली. मोटारसायकलवरचा एकजण वेग कमी करून माझ्याकडं बघून हसला. हसू दे म्हटलं. माझं तिसरं बोट मिटत होतं, आणि इंजिन सावकाश खाली येऊन बसत होतं.